पाचाला जरा कमी

छत्तीस सालचा तक्ता माझ्या हातचा.
सैगॉन बंदर, जकात कचेरी, दुसरा मजला.
पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून
मी त्यांच्यावर रबराचा एक तुकडा ठेवतो,
धुरी दिलेला, काकवीच्या रंगाचा,
नमुन्यातून उरलेला.

मलाया सगळ्यांत वर. मग डचांची बेटं.
मग सिलोन. मग आम्ही.
जगाच्या शंभरात आमचे
पाचाला जरा कमी.

साहेब म्हणाले, दोआन, पाचच लिही,
पॅरिसला पूर्णांक आवडतात.
मग स्वतःच म्हणाले, नको, उद्या कुणी विचारलं तर.
दशांशानंतर दोन आकडे ठेव,
त्यापुढचं सोड.

त्यापुढं न्हान आहे.

माझी मावसबहीण, नाम दिन्हकडची,
भातखाचरात गुडघाभर चिखलात वाढलेली.
हायफाँगच्या धक्क्यावर तीन वर्षांसाठी अंगठा उठवला
आणि गळ्यात लाकडी बिल्ला आला: सातशे बारा.
आता लाल मातीच्या मळ्यात
पहाटे तीनला कपाळावर दिवा बांधून निघते.
तीनशे वीस झाडं,
प्रत्येक खोडावर एक तिरपी रेघ, सालीपुरती.
पातं लाकडाला लागलं
तर मुकादम त्या दिवसाचा रोज कापतो.
चीक ठिबकतो तोवर ती खाली बसते,
ताप असला तर टेकून बसते.
झाडाला टेकायला मनाई आहे.

हे तिनं कळवलेलं नाही, तिला लिहिता येत नाही.
मळ्याचा कंपाउंडर सुट्टीवर येतो,
दोन पेले पोटात गेले की बोलतो,
मग म्हणतो, मी काही बोललो नाही.
टक्का तेवढा माझ्या टेबलावर येतो,
टोणपे तिकडंच राहतात.

काल कचेरी सुटल्यावर मी हिशेब मांडला,
तक्त्याच्याच समासात, पेन्सिलीनं.
तिच्या वाट्या, वाळल्यावरचं वजन,
वर्षाचे दिवस, वजा तापाचे दिवस,
भागिले जगाचं एकूण.
शून्य. टिंब. मग चार शून्यं ओळीनं,
गोल, रिकामी,
झाडाला टांगलेल्या वाट्यांसारखी,
रेघ मारण्याआधीच्या.
मग सात.

सात पुन्हा तपासला. बरोबर होता.
खरं सांगतो, इतकी भरेल असं वाटलं नव्हतं.
आख्खं जग भाजक घेतलं तरी
ती उरत होती.
स्वतःचाही हिशेब करून पाहावा म्हटलं,
पण मांडायचं काय?
मी तर एक वाटीही भरलेली नाही.

आज साहेब येण्याआधी पुसायला घेतलं.
खोडरबर आमच्याच मालाचं,
फ्रान्सहून पेटीबंद परत आलेलं, जकात भरून.
नोंद मीच केली होती.
खोडातून निघालं, समुद्र हिंडलं
आणि खोडायच्या कामाला लागलं.

घासलं तसा कागद मळला, मग झिरझिरीत झाला.
सात गेला. शून्यं गेली.
टिंब जाईना,
पेन्सिल तिथं फार रुतली होती.

तक्ता दुपारच्या टपालानं गेला.
पाचाला जरा कमी, दशांशानंतर दोन आकडे,
आणि समासात ते टिंब.
कुणी विचारलंच तर सांगेन,
माशी बसली असेल.