पासंग

व्हेटस्टोन काउंटीच्या जत्रेतला काटा
चार पौंड जास्त दाखवतो.
पहिल्याच वहीत आहे तसं, अठराशे एकोणसाठ,
शाई तांबूस पडलेली:
"डुकरं, मेंढ्या, बैल, सगळ्यांतून चार वजा करावेत.
काटा येताना गाडीतून पडला."
खाली सही, एझ्रा फाइफर, सेक्रेटरी.

दुरुस्त का नाही केला, ते लिहिलेलं नाही.
आधी पैसे नव्हते, मग सवय झाली,
आणि सवयीपुढे पैसे
पासंगालाही पुरत नाहीत.

जमीन लॅव्हिनिया हाउकची. विधवा.
अकरा एकर पाणथळ, तिथे मका कुजायचा.
तिने दिली एका अटीवर:
बायकांच्या लोण्याला पुरुषांनी नंबर देऊ नयेत.
दोन वर्षं पाळली.
तिसऱ्या वर्षी लोण्यात पहिली
सेक्रेटरीची मेव्हणी.

मग युद्ध. घोड्यांच्या ट्रॅकवर तंबू,
आणि भरतीला निघालेली पोरं
हसत हसत काट्यावर चढलेली.
एकशे चोवीस. एकशे एकोणतीस.
कुणीतरी त्यांचीही वजनं नोंदली,
चार वजा करून.
पुढची तीन पानं कोरी.

एकोणीसशे अठरा एका ओळीत संपतं:
"जत्रा नाही. गोठ्यांत खाटा. चुना, सहा गोणी."

ग्रँडस्टँड दोनदा जळाला,
एकदा विजेने, एकदा विम्यासाठी,
असं डेल्बर्ट म्हणायचा, नाव न घेता,
ज्याचं घ्यायचं नाही त्याच्याकडे बघत.
त्याच्याच हाताखाली मी शिकले.
पोरगी धुतलेलं डुक्कर हाकत आणायची,
तो काटा वाचायचा, ओठ हलायचे,
आणि आकडा फळ्यावर चढेपर्यंत
चार पौंड हवेत कुठेतरी.

यंदा इलेक्ट्रॉनिक काटा आला,
पशुखाद्य कंपनीची देणगी,
कंपनीचं नाव आकड्यांहून मोठं.
अचूक आहे. साखरेचं पोतं ठेवून
मी स्वतः पाहिलं.

पहिल्या सकाळी ट्रीनाचा बोकड:
एकशे सहा.
मी लिहिलं एकशे दोन.
"पण इथे तर..." ती म्हणाली,
आणि गप्प झाली, मोठ्या माणसाची चूक दिसल्यावर
मुलं होतात तशी.
खोडलं.

जुना काटा गोठ्यामागे, गुडघाभर गवतात.
संध्याकाळी कुणी नाही बघून
मी त्यावर उभी राहिले.
किती भरले ते सांगणार नाही.
वजा काही केलं नाही, एवढंच.