सोमवारची सुट्टी

रविवारी रात्री साडेनऊला कोयंड्यांचा फोन येतो.
आधी खोकला, मग वारा, मग बातमी:
"पाणी तापलाहा. मासो खाली बसलोहा.
येव नको."
आणि ठेवता ठेवता,
"येतलंस तर बिडयो हाड."
बिड्या मी दुपारीच घेऊन ठेवलेल्या असतात.

उद्यमनगर सोमवारी बंद.
शैला विचारते, रंकाळ्यात मासे नाहीत होय?
आहेत. चिलापी आहे, मरळ आहे,
लक्ष्मीपुरीत तर बर्फात मांडून सुरमईसुद्धा आहे,
आणि पेट्रोलचा हिशेब तिनं कॅलेंडरवर मांडून ठेवलाय.
मला उत्तर येत नाही. मी बूट घालतो.

इलाही शिकलगार गाडी चालवतो,
मागं मी, पाठीला पीव्हीसीच्या नळीत रॉड.
लोकांना वाटतं प्लंबर.
गगनबावड्याला चहा. करूळ घाटात कानाला दडे,
एकेका वळणावर हवा जाड होत जाते,
तळेऱ्यापर्यंत शर्ट पाठीचा झालेला.

पहाटे वाघोटणच्या खाडीत हात घातला की
पाणी कोमट, अगदी कूलंटसारखं,
दोन शिफ्ट चाललेल्या लेथच्या ट्रेमधलं.

जॉब कार्डाच्या पाठीवर लिहून ठेवतो:

१२ एप्रिल. उधाण. पाणी गढूळ, वारा दक्षिणेचा.
एक काळुंदर, तळहाताएवढं. सोडलं.

१९. भांग. टोळानं दोरी कातरली.
खेकड्यानं आमिष नेलं. बाकी काही नाही.
डास.

२६. उधाण. पाणी अजून तापलेलं.
तांबोशी, पावणेदोन किलो, खडकाच्या कपारीतून.
काढली इलाहीनं. फोटोत मी.

३ मे. अष्टमी. पाणी हलतच नव्हतं,
कोयंडे जेटीवर पाय सोडून बसलेले, म्हणाले,
"सांगितलंय मा, येव नको?"
मी चमचा बांधला.
बुशिंगच्या उरलेल्या पितळेतून केलेला,
साडेतीन इंच, पोटाला वाक,
तीन रात्री घासून आरशासारखा.
तिसऱ्या फेकीला खाडीनं तो धरला.

असं रीळ मी कधी ऐकलं नव्हतं.
टूल तुटायच्या आधी मशीन ओरडतं, तसं.
इलाहीनं बॅटरी मारली, आणि उजेडात
तो पाण्याबाहेर आला, आख्खा,
चोणक, डोळे निखाऱ्यासारखे लाल,
गालफडं फडकावत, डोकं झटकत,
एकदा. दोनदा.
मग दोरी हलकी झाली.
हातातलं सगळं वजन
कुणीतरी हळूच काढून घेतल्यासारखं.

दोरी तुटली नव्हती.
दोरीच्या टोकाला कडी होती, उघडलेली,
आणि चमचा तिच्यातून निघून गेला होता.
कडी माझीच. तार माझी, वळण माझं.
मंगळवारी व्हर्निअर लावला,
फट एक पूर्णांक चार मिलिमीटर.
पोरानं असा जॉब आणला असता
तर मी बिनमं उचकत रिजेक्टच्या पेटीत टाकला असता.

इलाही म्हणतो, आठ किलो.
मी म्हणतो, सहा असेल.
कोयंडे बिडी पेटवत म्हणाले होते,
"पळालेल्या माशाक तोलू नये.
तो वाढत ऱ्हवता."

कार्डावर वजनाचा रकाना मोकळा ठेवलाय.
आज बाहेर चाळीस डिग्री, आत त्याहून जास्त,
पितळेचे छिलके पिवळे होऊन बुटांवर पडतात.
साबणानं दोनदा धुऊनही
बोटांना अजून खाडीचा वास आहे,
ऑइलच्या खाली, अगदी खाली.
नव्या कडीला तार जाड घेतली आहे.
बुधवारीच.

रविवारी फोन येईल. पाणी तापलेलंच असेल.
बिड्यांचे दोन कट्टे
टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात आहेत.