नंतर-बघू

फाइल उघडली तेव्हा सूर गाव
सुरात नव्हतं.
खाडी, दीपगृह, गलबतं बांधायचं आवार,
सगळं जाऊन पडलं होतं शून्य-शून्यवर,
आफ्रिकेच्या कुशीतल्या पाण्यात.
प्रोजेक्शनची फाइल सोबत आलीच नव्हती.
"नांगर विसरले," मुबारक म्हणाला
(बाप गलबतं बांधायचा त्याचा)
आणि त्याने कहवा ओतला.

चाळिसावा पट्टा दिला, उत्तर.
गाव उडी मारून ओमानात आलं
आणि दोनेकशे मीटर पूर्वेला जाऊन थांबलं.
शाळा भरतीत.
डेटम जुना निघाला. तो दुरुस्त केला.

मधल्या फॉरमॅटला लांब नावं सोसत नाहीत,
दहा अक्षरं, पुढे कात्री.
अरबी नावांची तर नुसती प्रश्नचिन्हं झाली,
त्यातल्याच एका प्रश्नचिन्हात
मुबारकची आत्या राहते.

मग यादी आली:
ओळख न पटलेले लेयर. वगळायचे?
हो, हो, हो, दाबत गेले मी.
सातव्यावर बोट अडलं.
व्ही, आय, एच, आय, आर.
मोठ्यानं वाचलं
आणि पुन्हा वाचलं.
विहीर-गोडी.
विहीर-मचूळ.
विहीर-मेली.
आणि सगळ्यांत खाली, नंतर-बघू.

कोपऱ्यातल्या चौकटीत:
रेखाटन पां. ज. कुडतरकर, एक्क्याण्णव.
"तुझा कोण?" मुबारक विचारतो.
कोणी नाही.
पण मचूळ हा शब्द
टेबलाशी बसून सुचत नाही,
त्यासाठी पोहरा ओढून
एक घोट घ्यावा लागतो, आणि थुंकावा.

कंत्राटात कोड तीनच.
पिण्यायोग्य, अयोग्य, बंद.
गोडी पहिल्यात गेली, मेली तिसऱ्यात.
मचूळवर आमचं भांडण झालं:
"आजोबा तेच प्यायचे," तो म्हणाला,
"नव्वदीपर्यंत जगले."
शेवटी अयोग्य लिहिलं,
आणि शेऱ्याच्या रकान्यात रोमन अक्षरांत मचूळ.
मावलं. दहाच्या आत.

नंतर-बघूमध्ये तीन ठिपके आहेत,
खजुरीच्या बागांमागे, वाडीच्या कोरड्या पात्रालगत.
उपग्रहाच्या चित्रात तिथे
एक पत्र्याची शेड, आणि एक सावली,
कशाची ते कळत नाही.
त्यांना कोड नाही.
मी ते वगळलेले नाहीत.

गुरुवारी ऑफिस सुटलं की
मुबारकच्या गाडीतून तिकडे जाऊ.
दोर त्याच्याकडे आहे.
रिकामी बाटली मी घेतलीय.