पयशे फाल्यां

हळदोणे, पहाटे सव्वासहा.
मायक्रोफोनला केसाळ टोपडं घालून
मी कुंपणाशी बसलो होतो, पक्ष्यांसाठी खरं तर.
मध्येच बास्त्यांव पोदेर आला सायकलवरून,
निळ्या प्लास्टिकखाली गरम टोपली
आणि रबरी भोंपू: पों-पोंऽ, पों.
मग कुत्रं. मग एर्मेलिनबायचं दार,
आणि तिचा आवाज, झोपेनं जाड झालेला:
"चार उंडे दवर रे, पयशे फाल्यां."

फाल्यां म्हणजे उद्या.
इथं राहायला आल्यावर मला आधी कळलेला शब्द.

एकोणीस सेकंद.
पक्षी कुणी घेतले नाहीत. हे विकलं गेलं.

साइटवर नाव द्यावं लागतं. मी दिलं:
'ग्रामीण सकाळ, आशिया, आनंदी.'
फॉर्ममध्ये एक प्रश्न होता,
ओळखू येईल असा मानवी आवाज आहे का?
असल्यास त्या व्यक्तीची लेखी संमती जोडा.
एर्मेलिनबाय तेव्हा समोरच्याच ओट्यावर
बांगडे उन्हात मांडत होती.
दहा पावलं.
मी 'नाही'वर टिचकी मारली.

सहा डॉलर, एकदाच.
त्या बदल्यात संपूर्ण जग, कायमस्वरूपी,
आज ज्ञात असलेली आणि यापुढे शोध लागेल ती सर्व माध्यमं.

तेव्हापासून तो भोंपू फार फिरला.
साताऱ्याच्या एका सासूच्या घरी
दोनशे बारा भाग त्यानंच उजाडायचं.
साताऱ्यात असा पाव विकायला कोण येतं?
पण चाललं.
एका गुन्ह्याच्या कार्यक्रमात
प्रेत सापडण्याआधी तोच वाजला.
कॉफीच्या जाहिरातीत त्याच्याखाली गिटार घातली.
संकलकांनी कुत्रं कापलं, बाई मात्र ठेवली.
भाषा कळली नसेल,
किंवा न कळल्यामुळेच गोड वाटली असेल.

यंदा बास्त्यांव आला तो स्कूटरवरून.
भोंप्याचं रबर चिरलं म्हणे.
"तसलो आतां मेळना. तुजेकडेन तो आवाज आसा न्हय?
मोबायलार घाल. हांव स्पीकर बसयतां."

मी करार काढून वाचला, बऱ्याच वर्षांनी.
मूळ फाइलसुद्धा माझी राहिली नव्हती.
मग घेतली विकत. एकोणीस डॉलर.
वापर? मी 'इतर' निवडलं.
क्षेत्र? यादीत हळदोणे नव्हतं, जग होतं.
बास्त्यांवसाठी जग घेतलं,
खोर्जुव्याच्या पुलापासून बाजारापर्यंतचं.

आता रोज सव्वासहाला स्कूटर येते.
पों-पोंऽ, पों. मग ते जुनं कुत्रं,
कधीच मेलेलं; त्याला आजची कुत्री उत्तर देतात.
मग ती.
तिच्या दाराला कुलूप आहे.
लेकानं तिला स्विंडनला नेलं, दुसऱ्या मजल्यावर.
तिथं टीव्हीवर ती काय बघते, कुणाला ठाऊक.
बास्त्यांव तिच्या दाराशी वेग कमी करतो,
पाय टेकतो, थांबत नाही.

"त्या दिसाचे चार उंडे," काल तो मला म्हणाला,
"ते पयशे अजून येवंक नात."
आणि टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला केलं.

मी दोन उंडे घेतले. खिसा चाचपला.
सुटे नव्हते.
"फाल्यां," म्हणालो.