मोठ्या टाइपात

हुक्केरी म्हणाले, ऐंशी पानं, मोठा टाइप,
अंकाला एक चित्र,
आणि शेवट तेवढा जरा बघा.
लक्ष्मीपुरीतल्या त्यांच्या छापखान्यात
कटिंग मशीन चालू होतं,
कागदाच्या कडा पट्ट्यापट्ट्यांनी खाली पडत होत्या.
पोरं अकरा-बाराची, ते म्हणाले,
आयांना चालत नाही हल्ली मेलेलं.

मी एकतीस वर्षं विंगेत बसलो.
गुडघ्यावर वही, मुठीत झाकलेली बॅटरी,
नायकाच्या अर्धा श्वास पुढे.
माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला असता
तर दुसऱ्या दिवशी मला काढलं असतं.

नाटक जुनं. राजा भर दरबारात बोलून बसतो:
पहाटे वेशीतून जो पहिला आत येईल
त्याचं शिर देवीला.
आणि पहाटे येतो युवराज,
मोहिमेवरून एक दिवस आधी,
बापाला चकित करायला.

लिहायला बसलो तर पहिलंच वाक्य अडलं.
'महाराज प्रतिज्ञाबद्ध झाले.' खोडलं.
'राजाने वचन दिले.'
वचन पतसंस्थेच्या बोर्डावरही असतं.
'राजाने शपथ घेतली.'
गळ्याला चिमटा काढून पोरं दिवसातून दहादा घेतात,
खोडरबर आपण चोरला नाही म्हणून.

शनिवारी कच्ची पानं घेऊन
उद्यमनगरातल्या वाचनालयात गेलो.
भिंतीला लागून लेथ, मधेच किंचाळायचा,
तेवढ्यापुरता राजा थांबायचा.
नऊ पोरं. तन्वीर मुजावर म्हणाला,
"मोडायची की मग. राजाच हाय न्हवं त्यो?
त्याला कोण इचारतंय?"
मी राजधर्म, जुना काळ, असलं काहीतरी
खिशात चाचपत होतो,
तेवढ्यात मागच्या बाकावरून सानिका लोहार,
वहीतून मान वर न काढता:
"भंडारा उचलला असंल त्यानं."

लेथही नेमका बंद होता.

"माझ्या बाबानं उचललाय.
काकाच्या दारात पाय ठेवणार न्हाई म्हणून.
काका भितीपल्याडच ऱ्हातोय.
काकू वारली तवा बाबा आमच्या उंबऱ्यात हुभा होता,
चपला घालून.
पर गेला न्हाई."

तन्वीरनं पुढं काही विचारलं नाही.
मी तिथंच, गुडघ्यावर वही घेऊन, लिहिलं:
राजाने भंडारा उचलला.
तळहात पिवळा झाला. रात्री जेवतानाही तो पिवळाच होता.

एक गोष्ट मी पोरांना सांगितली नाही.
खासबागेशेजारच्या थिएटरात,
आग लागायच्या कितीतरी वर्षं आधी,
इंगवले ऐन शेवटी अडकले.
'घाल घाव' एवढंच वाक्य.
माझ्या जिभेवर होतं. दिलं नाही.
एक. दोन. तीन.
वर कुठं तरी बाल्कनीत खुर्ची करकरली.
युवराजाचं काम करणारं पोरगं गुडघ्यांवर,
मान खाली, नाकाच्या शेंड्याला घामाचा थेंब,
आणि इंगवले माझ्याकडे बघत होते
एखाद्या बापासारखे,
ज्याला खरंच आठवत नाहीये.
मग मी कुजबुजलो.
पगार त्याचाच होता.

काल हुक्केरींना पानं दिली.
त्यांनी आधी शेवटच उघडला.
आहे तसाच ठेवलात की हो.
आहे तसाच. फक्त घावाआधी
एक पान कोरं सोडलंय.
ते पेन्सिलीनं हिशेब करू लागले:
फर्मा वाढतोय, कागद फुकट,
टाइप दोन पॉइंट उतरवू, म्हणजे बसेल.

म्हटलं, मानधनातून कापा. चित्रं कमी करा.
टाइप राहू द्या.

वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना
सानिकानं मागं वळून एवढंच बजावलं होतं:
"अक्षरं मोठीच ठेवा, काका.
बाबाला चष्मा न्हाई."