घोरणं

"घोरून राहिला होता न, मॅडम,
म्हणून आम्ही त्याले उठवलं नाही."

मेडिकलची कॅज्युअल्टी, मे महिना, पहाटेचे पावणेचार.
नयन बोरकुटे एकच वाक्य सांगत सुटला आहे,
मला, सिस्टरला, वॉर्डबॉयला,
माठाला साखळीने बांधलेल्या ग्लासला.
पायात दोन वेगवेगळ्या चपला.
त्यातली एक त्याची असावी.

घोरणं म्हणजे गाढ झोप, हे तो घरी शिकला.
मीही तेच शिकले होते.
मग तीन वर्षं मला शिकवण्यात आलं
की जीभ मागे पडते, घसा अर्धा मिटतो,
आणि हवा दाराच्या फटीतून आत यायला भांडते,
हा त्या भांडणाचा आवाज.
आवाज थांबला म्हणजे भांडण मिटलं, असं नसतं.

त्यांनी घेतलं तेच औषध मी दिवसा देते,
वजन पाहून, उपाशी ठेवून,
जळालेल्या बायांचं ड्रेसिंग बदलताना.
डोळे उघडे ठेवून त्या कुठेतरी निघून जातात.
परतताना काहीजणी किंचाळतात.
एक म्हणाली, मी छताला टेकले होते,
खाली कोणा बाईची पट्टी सोडत होते, मला तिची दया आली.
म्हणून सोबत थोडं शांत करणारं.
पण तेव्हा माझी दोन बोटं हनुवटीखाली असतात,
आणि यंत्र टुकटुकत असतं.
प्राणवायू उतरला की त्याचा सूर उतरतो.
पाठमोरी असले तरी मला कळतं,
दूध उतू जायच्या आधी कळतं तसं.

नंदनवनातल्या त्या खोलीत
सूर फक्त कूलरचा होता.

पलाश गेडामला त्या पावडरची धास्ती होती.
मागच्या वेळी हात आपले वाटेनात,
आरशातला मुलगा एक क्षण उशिरा हलायचा,
फुटाळ्याच्या पल्याडच्या काठावरून
कोणीतरी पाहून राहिलं, आणि तो मीच बे,
असं तो नयनला सांगायचा.
म्हणून या वेळी आधी मावशीच्या झोपेच्या गोळ्या.
भीती वाटू नये म्हणून.

भीती वाटली नाही.
त्या घरात तेवढी एक भीतीच जागी होती,
गल्लीत काठी आपटत फिरणाऱ्या गुरख्यासारखी.
तिलाच त्यांनी झोपवलं.
मग उलटी आली, आणि खोकला आला नाही.
खोकल्यालाही निरोप पोचावा लागतो,
कोणीतरी उठून तो घ्यावा लागतो.

नयनने कूलर त्याच्याकडे वळवला.
उताणा नीट झोपवला.
मानेखाली उशी दिली, जाड, स्वतःची.
उशीबद्दल मी त्याला काही बोलले नाही.

"मग घोरायचा थांबला, मॅडम.
आम्हाले वाटलं, आता मस्त लागली."

नळी घातली. छाती दाबली. आळीपाळीने, घामाघूम.
चार वाजून सोळा मिनिटांनी
मी भिंतीकडे पाहून वेळ म्हणाले.
ती कोणीतरी मोठ्यानं म्हणावी लागते.
उमरेडहून निघालेल्या वडिलांचा फोन
पलाशच्या खिशात वाजत होता,
वाजणारी ती एकच गोष्ट त्याच्यात उरली होती.

"कुशीवर वळवला असता तर?" नयनने विचारलं.
"तुम्हाले लवकर फोन केला असता तर?"
खरं उत्तर मला येत होतं.
मी म्हणाले, पाणी पी.

साडेआठला घरी आले. वर्धा रोड तापू लागला होता.
पुढच्या खोलीत बाबा उताणे, तोंड उघडं,
कूलरच्या खडखडाटाखाली घोरत.
मी कूलर बंद केला, ऐकायला.

"काय झालं व? कूलर काऊन बंद केला?"
काही नाही, बाबा. कूस बदला.
पुटपुटत त्यांनी बदलली.
खोली एकदम शांत झाली.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला
आणि मोजत बसले,
सतरापर्यंत,
मग पुन्हा एकपासून.