माइमूचा खर्ज

विल्यांदीच्या रुग्णालयात, तळमजल्यावर,
रक्ताच्या नळ्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवते.
चोवीस वर्षं झाली.
नावं वाचायची नाहीत हा माझा मीच घालून घेतलेला नियम,
पण गाव ते केवढं!
ती नळी माइमूची होती.
दर गुरुवारी वृंदगानात
माझ्या उजव्या हाताला उभी राहणाऱ्या माइमूची.

मागच्या हिवाळ्यापासून ती स्वर गाळत होती.
वरच्या जागेला तोंड उघडायची, आत काहीच नाही.
म्हणायची, घसा बसलाय गं, टपाल वाटताना वारा लागतो.
लिंडनच्या फुलांचा काढा थर्मासमधून आणायची,
आम्हालाही पाजायची.
बर्फ गेला, तळ्याचं पाणी काळं दिसू लागलं,
घसा बसलेलाच.
आणि हनुवटीवरून मफलर काही खाली येईना,
मे उजाडला तरी.
बायका एकमेकींना काय काय विचारतात.
हे नाही विचारत.

यंत्राने आकडा दिला: सहा पूर्णांक आठ.
मी नळी पुन्हा लावली. सहा पूर्णांक सात.
आमच्या तक्त्यात बायकांची रेघ दोनच्या खालीच संपते.

लोकांना वाटतं टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषांचं काहीतरी,
त्यांच्या दाढीत आणि भांडणात राहणारं.
मी रोज मोजते ना.
बाळंतिणीत असतं, बालवाडीच्या बाईंत असतं,
चर्चमध्ये मेणबत्त्या विकणाऱ्या म्हातारीत असतं,
माझ्यात आहे,
गुंजेच्या हजाराव्या हिश्शाहून कमी.
मिठासारखं. नसलं की सगळं अळणी,
जास्त झालं की ताट सारावं लागतं.

डॉक्टर केर्स्तीने आतलं चित्र काढलं.
डाव्या बीजकोशात वाटाण्याएवढी गाठ. साधी.
जूनमध्ये काढली.
ऑगस्टात नळी आली: शून्य पूर्णांक आठ.
तळमजल्यावर मी एकटीच हसले, मोठ्याने,
ही बातमी मला कुणाला सांगायची सोय नव्हती.

मफलर सुटला. झोप लागू लागली.
आवाज परतला नाही.
केर्स्ती म्हणाली, तारा एकदा जाड झाल्या की जाडच,
रक्त माघारी येतं, गळा येत नाही.
पोरांना पंधराव्या वर्षी कंठ फुटतो,
घरात चार दिवस हसतात, संपतं.
माइमूला फुटला अठ्ठावन्नाव्या वर्षी.
तार्तूहून नातू फोनवर विचारतो,
आजोबा, आजीला दे ना.

तावेत आमचा संचालक. मायाळू वगैरे मुळीच नाही.
त्याने तिच्या हातातला आल्टोचा कागद काढून घेतला:
"टेनर माझ्याकडे दोन. त्यातल्या एकाला ऐकू येत नाही.
मागे उभी राहा."
खुर्ची सरकवल्याचासुद्धा आवाज झाला नाही कुठे.
माइमू कोटांच्या खोलीत गेली.
दाराबाहेर मी उभी होते, आत कुणीतरी रडत होतं,
आणि ते रडणंसुद्धा माझ्या ओळखीचं नव्हतं.

दोन गुरुवार आली नाही.
तिसऱ्या गुरुवारी दारातून सरळ मागच्या रांगेत,
उर्मासच्या शेजारी, टपालखात्याचे बूट न काढताच.
राईच्या शेताचं जुनं गाणं होतं.
दुसऱ्या कडव्यात टेनर एकदम खाली उतरतात,
तिथे उर्मास नेहमी खोकतो.
या वेळी तिथून एक स्वर निघाला,
रुंद, किंचित खरखरीत,
फळ्यांवरून येऊन माझ्या तळपायाला लागला.
तावेतचा हात क्षणभर ताल विसरला.
मग ओरडलाच: "माइमू, घाई करतेस!"

माझ्या उजवीकडे आता जागा मोकळी आहे,
खिडकीतली थंडी थेट लागते.
थर्मास मागच्या रांगेतून हातोहात पुढे येतो.
माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा काढा कोमट,
आणि झाकणावर उर्मासच्या मिशीचा केस.